कोल्हापूरचा पाव आणि त्याचे सोबती

अंबाबाईच्या दर्शनास कोल्हापुरीं जाणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांत एक जुनी व्यवस्था अजून पुष्कळ ठिकाणीं चालू आहे. दर्शन आटोपलें कीं वडील मंडळी आणि स्त्रिया उतरल्या जागीं परततात आणि बरोबर आणलेल्या दशम्यांवर, किंवा फार तर एखाद्या शाकाहारी भोजनगृहांतील ताटावर भागवितात. घरांतले कॉलेजांत जाणारे चिरंजीव मात्र 'जरा गांव पाहून येतों' असें सांगून बाहेर पडतात, ते दोन तासांनीं लाल ओठांनीं आणि पाणावलेल्या डोळ्यांनीं परत येतात. त्यांनीं गांवांत काय पाहिलें हें सर्वांस ठाऊक असतें. विचारीत कोणी नाहीं. आमच्या मतें विचारावें, आणि पुढच्या खेपेस आजीबाईंपासून धाकट्या सुनेपर्यंत सर्वांनीं त्यांच्याबरोबर जावें. तें कां, आणि कोठें जावें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम थोडें परदेशांकडे वळतों; त्याचें प्रयोजन पुढें ध्यानांत येईल. पावाच्या दोन कापांमध्यें मांसाचा तुकडा धरून हातानेंच खाण्याची रीत इंग्लंडांत सँडविच येथील चौथ्या अर्लाच्या नांवावर मांडली जाते. रोमन साम्राज्याचा इतिहासकार गिबन यानें १७६२ सालच्या आपल्या रोजनिशींत हा शब्द लिहून ठेविला आहे. तेव्हां पदार्थाचें वय अडीचशें वर्षांहून अधिक हें नक्की. परंतु त्या देशांतील चोखंदळ माणसास उत्तम सँडविच कोठें मिळतें असें विचारलें, तर तो पुष्कळदां मोठ्या हॉटेलाचें नांव सांगत नाहीं. खाटकाच्या दुकानाचें सांगतो. जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया प्रांतांत खाटकाच्या दुकानांतच एका बाजूस 'लेबरकेज' नांवाचा मांसाचा भाजलेला वडीसारखा ठोकळा गरम ठेविलेला असतो. गिऱ्हाईक आलें कीं त्याची जाड चकती कापून गोल पावांत घालून देतात, आणि ती उभ्याउभ्यानें खाल्ली जाते. या नांवाचा शब्दार्थ 'यकृताचें चीज' असा होतो. पण बव्हेरियांतल्या या पदार्थांत चीज नसतें आणि यकृत असलेंच पाहिजे असेंही नाहीं. नांवांच्या बाबतींत जर्मन लोक आपल्या बटाटेवड्याइतके सरळ नाहींत.

अमेरिकेंत हेंच काम 'डेलिकॅटेसन' ऊर्फ 'डेली' या दुकानांनीं केलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पूर्व युरोपांतून ज्यू कुटुंबें न्यूयॉर्कास येऊन वसलीं. त्यांनीं खारवलेलें, धुरावलेलें, मसाला चोळून मुरविलेलें मांस विकण्याचीं दुकानें थाटलीं आणि तेथेंच तें पातळ कापून पावांत भरून देण्यास आरंभ केला. त्यांपैकीं १८८८ सालीं निघालेलें 'काट्झ' हें दुकान अद्याप गर्दीनें भरलेलें असतें. दुसऱ्या महायुद्धांत या दुकानानें, लष्करांत गेलेल्या आपल्या मुलास सलामी पाठवा, अशी जाहिरात केली होती. मुलगा परगांवीं निघाला कीं आपल्याकडे डिंकाचे लाडू वळतात, त्यांतलाच हा प्रकार.

हीं दुकानें हॉटेलांवर मात कां करितात? याचें कारण चवींत शोधण्यापेक्षां व्यवहारांत शोधावें. ज्याच्याकडे कच्चा माल रोज येतो आणि रोज संपतो, त्याच्याकडे शिळें उरत नाहीं. कोणता तुकडा कोवळा, कोणता जून, कोणता शिजावयास वेळ घेणार, हें त्यास हाताच्या स्पर्शानें कळतें. वजनास न लागणारा, पण चवीस उत्तम असा जो भाग राहतो, तो फेंकण्याऐवजीं तो शिजवितो. आणि मुख्य म्हणजे त्याचें पोट या एका पदार्थावर अवलंबून नसल्यामुळें पंचवीस पदार्थांची यादी भिंतीवर लावण्याचा मोह त्यास होत नाहीं. आतां यांतील 'मांस' हा शब्द काढून त्या जागीं 'मटकी' किंवा 'दूध' घालून पाहा. तर्क तसाच्या तसा टिकतो, आणि तोच आम्हांस कोल्हापुरांत उपयोगीं पडतो.

त्या ज्यू दुकानांविषयीं आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस जवळची वाटेल. त्यांतील जीं कट्टर धर्माचारानें चालतात, त्यांत मांस आणि दूध एकत्र येऊं देत नाहींत. भांडीं वेगळीं, पाट्या वेगळ्या, मांसाच्या सँडविचांत लोणी किंवा चीज कदापि नाहीं. म्हणजे सोवळें-ओंवळें तेथेंही आहे आणि तें कडक आहे. पण तें पदार्थापुरतें आहे. दुकानाच्या दारांतून आंत येणारा गिऱ्हाईक आयरिश आहे कीं इटालियन, याची चौकशी गल्ल्यावर कोणी करीत नाहीं. काय खावें याचा नियम आणि कोणाबरोबर व कोणाच्या हातचें खावें याचा नियम, हे दोन निराळे आहेत. आपल्याकडे ते इतके दिवस एकाच गांठोड्यांत बांधले गेले कीं, एक सोडला म्हणजे दुसराही सुटतो अशी भीति पुष्कळ सुज्ञांस अजून वाटते.

आतां कोल्हापूर. मटणाची एवढी ख्याति असलेल्या या गांवीं खाटकाच्या दुकानांत मटणाचें सँडविच मिळत असेल अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती व्यर्थ आहे. येथें मटण सकाळीं ताजें कापलेलें, डोळ्यांदेखत तोललेलें, पिशवींतून घरीं जातें आणि घरच्या चुलीवर किंवा खाणावळींत शिजतें. खारवून, धुरावून महिना महिना टिकविण्याची रीत थंड देशांची. आपल्या हवेंत सकाळचें मटण दुपारीं शिजलेंच पाहिजे. शिवाय शिजल्यावर त्याचा जीव रश्शांत असतो, आणि रस्सा कांहीं दोन कापांमध्यें धरतां येत नाहीं. त्यास भाकरी लागते. यामुळें असें झालें आहे कीं, इंग्रजाच्या सँडविचाचे कोल्हापुरांत दोन तुकडे झाले: मांस ज्वारीच्या भाकरीकडे गेलें, आणि पाव मिसळीकडे आला. ही वांटणी कोणी बसून केली नाहीं. पण झाली ती उत्तम झाली.

मिसळ म्हणजे काय हें महाराष्ट्रांतल्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं; पण कोल्हापूरची मिसळ म्हणजे काय हें पुण्याच्या वाचकांस सांगितलें पाहिजे. पुण्यांत मिसळींत पोहे येतात, बटाट्याची भाजी येते आणि एकंदर प्रकृति सौम्य असते. कोल्हापुरांत मोड आलेल्या मटकीची उसळ तळाशीं, तिच्यावर शेव-फरसाण, बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर, बाजूस लिंबाची फोड, आणि या सर्वांवर तो कट. कट हाच येथें यजमान आहे. बाकीचे सर्व पाहुणे. तांबडा, तेलाचा तवंग आलेला, वाफाळता असा हा रस्सा वेगळ्या भांड्यांतूनही पुढें येतो आणि संपला कीं बहुतेक ठिकाणीं पुन्हा वाढला जातो.

या कटाचें मूळ कोल्हापूरच्या घराघरांत आहे. उन्हाळ्यांत मिरच्या वाळवून, धने, खोबरें आणि खडा मसाला भाजून, कांदा-लसूण तळून हें सर्व डंकावर कुटून आणावयाचें आणि वर्षाच्या बेगमीस बरण्यांत भरावयाचें, हा तेथील गृहिणींचा वार्षिक उद्योग. त्यास त्या भागांत नुसतें 'चटणी' म्हणतात. देशावरून नवी सून तिकडे गेली आणि सासूनें भाजींत चटणी घालण्यास सांगितलें, तर ती खोबऱ्याची चटणी शोधीत बसते. रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी, लवंगी अशी मिरच्यांची निवड ज्या त्या घराची. ही चटणी तेलांत मंद परतून तेल सुटूं लागलें कीं कटाचें अर्धें काम झालें. मिरचीचा तांबडा रंग पाण्यांत उतरत नाहीं, तेलांत उतरतो. म्हणून कटाच्या माथ्यावरचा तवंग हा दोष नसून पदार्थाचा प्राण आहे. तिखटाचा दाहही स्निग्ध पदार्थांतच विरघळतो. म्हणून मिसळीवर पाणी पिणारा मनुष्य अधिकच भाजतो आणि दहीं किंवा दूध घेणारा निभावतो. घरांतल्या आजीबाईंस हें कोणत्याही शास्त्रज्ञाच्या आधींपासून माहीत होतें.

आणि पाव. मुंबईंत मिसळीबरोबर लादीपाव येतो. कोल्हापुरांत मोठ्या पावाचे जाड काप येतात, ज्यांस तेथें स्लाइस म्हणतात. बाहेरच्यांस हें प्रथम चमत्कारिक वाटतें. आमचें मत असें कीं, कटाबरोबर हा कापच योग्य. लादीपावास वरून खरपूस साल असते. ती रश्शास अडविते. कापाच्या दोन्ही बाजू उघड्या. तो कटांत टेंकविला कीं क्षणांत तांबडा होतो आणि तरीही, जाड असल्यास, हातांत मोडत नाहीं. पातळ काप मात्र तोंडापर्यंत पोंचण्यापूर्वींच वाटींत पडतो. म्हणून ज्या दुकानांत काप जाड आणि त्याच दिवशीं भाजलेल्या पावाचा असेल, त्या दुकानाच्या मालकास पदार्थ कळतो असें खुशाल समजावें.

गांवांतल्या प्रसिद्ध दुकानांचीं नांवें सांगितलीं नाहींत तर चिरंजीव आम्हांस हंसतील. शिवाजी उद्यमनगरांत फडतरे यांची मिसळ आहे, कसबा बावड्याची मिसळ त्या पेठेच्याच नांवानें ओळखली जाते, खासबागेची आहे, चोरगे यांची आहे. कोणती श्रेष्ठ हा वाद कोल्हापुरांत दोन सख्ख्या भावांतही मिटलेला आम्हीं पाहिला नाहीं, आणि त्यांत परक्यानें पडूं नये. पण उद्यमनगराचें स्थान लक्षांत घेण्याजोगें आहे. हा भाग ओतशाळांचा, लेथ यंत्रांचा. भट्टीपुढें किंवा यंत्रापुढें उभें राहून काम करणाऱ्या मनुष्यास सकाळीं असें कांहीं हवें असतें कीं, जें लवकर पुढें येईल, पोटास आधार देईल, आणि खिशास पेलेल. मिसळ ही शौकीनांनीं शोधलेली चीज नव्हे. ती कष्टकऱ्यांची न्याहारी आहे. शौकीन मागाहून आले. अशा दुकानांचे दरवाजे सकाळीं लवकर उघडतात आणि कट संपला कीं दुपारीं लागतात. बव्हेरियांतल्या त्या खाटकाचें आणि यांचें गोत्र एकच.

कोल्हापुरांतील 'डेली' दाखवा म्हटलें, तर आम्ही गंगावेशीच्या दूधकट्ट्याकडे बोट दाखवूं. तालमींच्या या गांवीं म्हशी रस्त्याच्या कडेला आणून गिऱ्हाइकासमोर धार काढावयाची आणि फेंसाळलेला पेला तसाच हातीं द्यावयाचा, ही चाल जुनी आहे. पैलवानांस ती खुराकासाठीं हवी होती. १९१२ सालीं खासबागेचें कुस्त्यांचें मैदान पुरें झालें, त्याच्याही आधींपासून कोल्हापूर दूध, तूप आणि मटण यांचा हिशेब शेरांनीं करीत आलें आहे. मात्र धारोष्ण दूध लहान मुलांस व गर्भवतींस तापविल्याशिवाय देऊं नये, हें आम्ही येथेंच सांगून ठेवितों. परंपरेचा अभिमान आपल्या ठिकाणीं आणि क्षयाचे जंतु आपल्या ठिकाणीं.

येथवर वाचून कोणी वडीलधारे म्हणतील, 'हें सर्व ठीक, पण पाव?' त्यांची शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं, कारण तिच्यामागें इतिहास आहे. पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा. त्यांच्याबरोबर तो गोव्यास आणि वसईस आला, आणि त्याच लाटेंत धर्मांतरेंही आलीं. विहिरींत पाव टाकून गांवच्या गांव बाटविल्याच्या कथा कोंकणांत पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. शिवाय गोव्याचे पोदेर पीठ फुगविण्यासाठीं माडी वापरीत. म्हणजे परधर्मीयाचा हात, परकी भट्टी आणि वर माडीचें आंबवण. आमच्या पणजोबांनीं पावास दारांत उभें केलें नाहीं यांत नवल तें काय? आज पाव यीस्टनें फुगवितात, आणि इडलीचें पीठ आंबवून खाणाऱ्या घरास आंबवण्याच्या क्रियेचा विटाळ मानण्याचा अधिकारही फारसा उरलेला नाहीं.

या विटाळाची सर्वांत गाजलेली हकीकत पुण्याची आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत एका व्याख्यानास शहरांतील चाळीसांहून अधिक प्रतिष्ठित मंडळी गेली होती. तेथें चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणी घेतलीं, कोणी नुसतीं हातांत धरलीं. पुढें उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली आणि ग्रामण्य उभें राहिलें. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. न्यायमूर्ति रानड्यांनींही १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि सुधारकांचीं मनें त्यामुळें फार दुखावलीं. एक पेला चहा! आज ज्या घरांत दिवसाचा आरंभ चहा-बिस्किटांनीं होतो, त्या घरांनीं ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. नाहींतर त्यांस वाटेल कीं, आपण पूर्वीपासून असेच होतों.

पण पुण्याच्या चहापेक्षां कोल्हापूरचा चहा अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याची आठवण आमच्या घरांतून कमी निघते. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेवर चाकरीस होते. अस्पृश्य म्हणून गणल्या गेलेल्या या गृहस्थांनीं सवर्ण नोकरांच्या हौदास हात लाविला, एवढ्या अपराधासाठीं त्यांस निर्दय मारहाण झाली. शाहू महाराजांस हें कळल्यावर त्यांनीं मारणारांस शासन केलें आणि गंगारामांस नोकरींतून मोकळें करून स्वतःचा धंदा काढण्यास पैसे दिले. गंगारामांनीं भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें दुकान थाटलें. त्यास 'सत्यसुधारक' असें नांव होतें. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण त्यांच्या हातचा चहा पिण्यास सवर्ण कोण येणार? तेव्हां महाराज स्वतः येऊं लागले. त्यांची गाडी दुकानासमोर थांबे, महाराज चहा मागवीत, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांच्या हातींही पेले जात. छत्रपतींनीं घेतलेला चहा नाकारण्याची छाती कोणाची? १९१९ सालीं सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम महाराजांनीं काढले. पण आम्हांस असें वाटतें कीं, हुकुमापेक्षां त्या रस्त्यावरच्या पेल्यानें लोकांच्या मनांत अधिक खोल घर केलें. हुकूम कचेरींत राहतो. चहा पोटांत जातो.

यासाठीं म्हणतों कीं, अंबाबाईच्या गांवीं जाऊन ताटावर बसतांना 'हें कोणी शिजविलें' हा प्रश्न आतां कोणत्याही आडमार्गानें विचारूं नये. तो अजून विचारला जातो. फक्त शब्द बदलले आहेत. 'तिकडची मंडळी कशी असते कोण जाणे', 'आपल्याला तें वातावरण मानवत नाहीं', अशीं त्याचीं नवीं रूपें आहेत. दुकान अस्वच्छ असेल तर अस्वच्छ म्हणावें. भांडीं कशीं धुतलीं जातात, पाणी कोठून येतें, वाढणाऱ्याचीं नखें कशीं आहेत, हें डोळे उघडून पाहावें आणि न पटल्यास उठावें. ही परीक्षा ब्राह्मणाच्या भोजनगृहासही लावावी. तेथेंही ती नेहमीं उतरेल अशी हमी आम्ही देत नाहीं.

काय खावें हा मात्र ज्या त्या घराचा प्रश्न, आणि तो कोणी कोणावर लादूं नये. ज्यांच्या घरीं मांस वर्ज्य आहे त्यांनीं तें वर्ज्यच ठेवावें; सुधारणेसाठीं मटण खाल्लेंच पाहिजे असें म्हणणारे वीर आम्हांस नेहमींच थोडे हास्यास्पद वाटत आले आहेत. पण ज्या घरांतील मुलें बाहेर मटण खातात, आणि अशीं घरें आज थोडींथोडकीं नाहींत, त्या घरांस त्याविषयीं चार गोष्टी माहीत असणें बरें. कोल्हापूरची खाणावळ म्हणजे बहुधा एखाद्या कुटुंबाचा धंदा. मटण हळद-मीठ घालून शिजवितात, त्याचें जें पाणी सुटतें त्यास 'अळणी' म्हणतात. लहान मुलास आणि आजारांतून उठलेल्यास तेंच देतात. त्याच पाण्यांत एकीकडे नारळाचें दूध, खसखस-तिळांचें वाटण आणि अख्खा खडा मसाला जाऊन पांढरा रस्सा होतो, आणि दुसरीकडे आपली ती चटणी जाऊन तांबडा. एकाच मातेचीं हीं दोन लेकरें. पण स्वभाव पाहा! बाहेरगांवीं 'कोल्हापुरी' या नांवाखालीं जें कांहीं केवळ जळजळीत म्हणून विकलें जातें, त्यानें पांढऱ्या रश्शाची ओळखच पुसली आहे. तिखट हें कोल्हापूरच्या स्वयंपाकाचें एक अंग आहे, सर्वस्व नव्हे.

टिकविलेल्या मांसाच्या जवळ जाणारा येथील पदार्थ म्हणजे मटणाचें लोणचें. तुकडे कोरडे होईपर्यंत मसाल्यांत व तेलांत परतून केलेलें हें लोणचें वाटींत थोडकें वाढतात. न्यूयॉर्कच्या दुकानदाराच्या हातीं तें लागतें तर त्यानें तें पावांत भरलें असतें. कोल्हापूरकर भाकरीचा तुकडा मोडून त्यावर ठेवितो. मटण हा या गांवीं किती जिव्हाळ्याचा विषय आहे हें २०१९ सालच्या अखेरीस साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. भाव फार वाढले म्हणून नागरिकांनीं आंदोलन उभारलें, विक्रेत्यांनीं कांहीं दिवस दुकानें बंद ठेविलीं, वाटाघाटी झाल्या. इतरत्र लोक साखरेसाठीं, कांद्यासाठीं रस्त्यावर येतात. वर्तमानपत्रांनीं त्याची थट्टा केली; पण ज्या गांवीं गरिबाच्या घरींही आठवड्यांतून एक दिवस रस्सा शिजावा अशी अपेक्षा असते, तेथें ती मागणी थट्टेची नव्हती.

आतां स्त्रियांविषयीं. मिसळीच्या दुकानांत पूर्वीं पुरुषच दिसत, आणि घरच्या बायकांसाठीं फार तर डबा भरून येई. सांप्रत तशी स्थिति नाहीं. नामांकित दुकानांत सबंध कुटुंबें बसलेलीं असतात. पण दुकानाचें दार उघडलें तरी घराचें दार नेहमीं उघडतेंच असें नाहीं. एकत्र कुटुंबांत सर्वांत आधीं उठणारी आणि सर्वांत शेवटीं जेवणारी जी सून, तिला कोणाच्यातरी हातचें आयतें, गरम, तिच्यासमोर वाढलेलें खाण्याचा योग वर्षांतून किती वेळां येतो हें आमच्या पुरुष वाचकांनीं मनाशीं मोजून पाहावें. प्रवासांत तरी तिला दशम्यांच्या डब्याची रखवालदारीण करूं नये. सकाळीं दर्शन लवकर उरकून नवाच्या आंत मिसळ गांठावी. त्यापुढें, विशेषतः रविवारीं, उभें राहण्याची तयारी ठेवावी. वृद्धांसाठीं कट वेगळा मागवून घ्यावा म्हणजे बेतानें घालतां येतो. मुलांस उसळ-फरसाण कोरडें द्यावें आणि वर दहीं. पहिला घास घेऊन कोणी खोकूं लागलें तर पाठ थोपटावी. पाणी पुढें करूं नये.

ज्यांस बसून खाणें शक्य नाहीं त्यांनीं डबा न्यावा. कट, उसळ आणि फरसाण हीं तिन्ही निरनिराळीं घ्यावीं. एकत्र नेल्यास घरीं पोंचेपर्यंत शेवेचा लगदा होतो. पाव दुकानांतून न घेतां जवळच्या बेकरींतून अख्खा घ्यावा आणि घरीं बोटभर जाडीचे काप करावे. कटासाठीं घट्ट झांकणाचा स्टीलचा डबा हवा. प्लॅस्टिकच्या डब्यास तो रंग एकदां लागला कीं जात नाहीं, आणि झांकणाची फट सांपडली तर प्रवासाच्या पिशवींतील धोतरास किंवा लुगड्यासही तो सोडीत नाहीं. घरीं कट पुन्हा तापवितांना उकळूं नये. मंद विस्तवावर तवंग हलूं लागला कीं उतरावा.